एआरटीच्या तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम: कोल्हापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे लिहिलंय ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या अशा लोकांसाठी, जे एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, बरीच वर्षं घेतायत, तब्येत ठणठणीत आहे, आणि ज्यांना आता दर महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात किंवा मिळाव्यात असं वाटतंय. मी डॉक्टर नाही. मी पण गोळ्या घेणाराच, या गोळ्या देणाऱ्या एआरटी सेंटरच्या बाहेर बाकड्यावर नवीन लोकांशी बोलत बसतो, आणि तिथं जे प्रश्न येतात तेच इथं घेतलेत, जवळपास त्यांच्याच भाषेत. गोळी बदलणं, थांबवणं, डोस कमी-जास्त करणं असलं काहीही इथलं वाचून करायचं नाही, ते सेंटरच्या डॉक्टरांनाच विचारायचं.

पूर्वी दर महिन्याला बोलवायचे, आता तीन महिन्यांचं एकदम हातात देतात. आमच्याकडं लक्ष द्यायचं बंद केलं की काय?

नाही ओ, उलट आहे. ज्याची तब्येत चांगली, गोळ्या नियमित, रिपोर्ट चांगला, त्याला दर महिन्याला चंदगडवरनं नाहीतर गगनबावड्यावरनं यायला लावून काय मिळतं? त्याचा दिवस जातो, रोजगार बुडतो, आणि सेंटरवरची गर्दी वाढते ती वेगळीच. त्या गर्दीत ज्याला खरोखर डॉक्टरची गरज आहे, म्हणजे नवीन आलेला, टीबी झालेला, वजन उतरलेला, त्याला पाच मिनिटंसुद्धा नीट मिळत नाहीत. म्हणून स्टेबल लोकांना जास्त दिवसांच्या गोळ्या द्यायच्या अशी ही पद्धत आहे, जगभर आहे, आणि आपल्याकडं तिला खरा जोर आला तो मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. तेव्हा एसटी बंद, रस्ते बंद, आणि नॅकोनं, म्हणजे केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेनं, सगळीकडं कळवलं की स्टेबल रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या द्या, जमेल तिथं घराजवळ पोचवा.

आणि गोळ्याही बदलल्यात, तेही एक कारण आहे. सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, तेव्हाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या, कुणाला रक्त कमी व्हायचं, कुणाला अंगावर पुरळ यायचं, त्यामुळं सारखं तपासायला लागायचं. आता बहुतेकांना टीएलडी असते, टेनोफोविर ३००, लॅमिवुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातनं एकदा. त्रास कमी, व्हायरस लवकर दबतो. गोळी सोपी झाली म्हणून फेऱ्या कमी करता आल्या.

स्टेबल म्हणजे नक्की काय? मला तर काही होत नाही, म्हणजे मी स्टेबलच ना?

काही होत नाही एवढ्यावर स्टेबल ठरत नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, वाढलेला असताना पण माणूस महिनोन्‌महिने ऊस भरतोय, तालमीत जातोय, बघणाऱ्याला काही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये जी व्याख्या दिली ती सोप्या शब्दांत अशी: गोळ्या सुरू होऊन किमान सहा महिने झालेत, सध्या कुठला आजार नाही, गोळी आयुष्यभर घ्यायची आहे हे नीट समजलंय, आणि गेल्या सहा महिन्यांत निदान एकदा व्हायरल लोड दबलेला आलाय. व्हायरल लोडची सोयच नसेल तिथं सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) २०० च्या वर, वजन वाढतंय, लक्षणं नाहीत, असं बघतात. आपल्या सेंटरवर नॅकोच्या गाइडलाइनप्रमाणं बघतात, गाभा हाच, आणि त्यात गोळ्यांचा नियमितपणा ९५ टक्क्यांच्या वर हवा हा मुद्दा फार कडक असतो.

९५ टक्के म्हणजे किती ते लोकांना माहीतच नसतं. ३० गोळ्यांत एक चुकली तर चालतंय, दोन चुकल्या की तुम्ही ९५ च्या खाली. ९० गोळ्यांत चारपर्यंत ठीक, पाचवी चुकली की खाली. म्हणून काउन्सेलर मॅडम बाटली उलटी करून उरलेल्या गोळ्या मोजतात. तुमच्यावर संशय घेतात म्हणून नव्हे. काहीजण येताना शिल्लक गोळ्या घरी काढून ठेवतात आणि रिकामी बाटली घेऊन येतात, बक्षीस मिळाल्यासारखी दाखवतात. अरे, मोजणाऱ्याला फसवून व्हायरस फसतोय होय? व्हायरल लोडमध्ये सगळं बाहेर येतं.

शेजारच्या गावच्या ताईंना तीन बाटल्या दिल्या, मला एकच. माझ्यावर राग आहे का कुणाचा?

राग-बिग नाही. एकच महिन्याच्या गोळ्या मिळायची नेहमीची कारणं म्हणजे: गोळ्या नुकत्याच सुरू झाल्यात किंवा नुकत्याच बदलल्यात, शेवटचा व्हायरल लोड १००० च्या वर आलाय, टीबीची औषधं चालू आहेत, बाई गरोदर आहे, क्रिएटिनिनचा (किडनीचा) किंवा लिव्हरचा रिपोर्ट परत बघायचाय, मागच्या दोन-तीन तारखा चुकल्यात. लहान पोरांचा डोस वजनावर असतो, पोरगं वाढतंय तसा बदलतो, म्हणून त्यांनाही लवकर लवकर बोलवतात. आणि कधी कधी साधंच कारण असतं, फार्मसीत त्या दिवशी तेवढा माल नसतो.

बाहेर बाकड्यावर बसून अंदाज लावण्यापेक्षा सरळ आत विचारा, "मॅडम, मला एकच का? काय केल्यावर तीन मिळतील?" हा प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे आणि बहुतेक वेळा उत्तर एका वाक्यात मिळतंय.

व्हायरल लोड वाढलेला आला तर कायमचं तीन महिन्यांचं बंद?

कायमचं नाही. १००० च्या वर आला की आधी बघतात गोळ्या कुठं चुकतायत, दुसरं कुठलं औषध आडवं येतंय का, दर महिन्याला बोलवून काउन्सेलिंग करतात, आणि साधारण तीन महिन्यांनी परत व्हायरल लोड. तो खाली आला, पुढचंही सगळं नीट चाललं, की परत जास्त दिवसांच्या गोळ्यांचा विचार होतो. दुसऱ्यांदाही वरच आला तर मग पुढच्या लाइनच्या औषधांसाठी वरच्या तज्ज्ञांच्या पॅनेलकडं पाठवतात. हे सगळं ऐकायला घाबरवणारं वाटतं, पण मी बघितलंय त्यात बरेचजण गोळीची वेळ सरळ केल्यावर खाली येतात.

तीन बाटल्या म्हणजे तीन महिने. पाच तारखेला आणल्या तर तीन महिन्यांनी पाच तारखेलाच जायचं ना?

नाही! इथंच सगळ्यात जास्त लोक चुकतात. हिशोब करून बघा. ५ जूनला तीन बाटल्या आणल्या, ३० प्रमाणं ९० गोळ्या, घरात जुनं काही शिल्लक नाही आणि त्याच रात्रीपासनं सुरू केल्या. जूनमध्ये २६ गेल्या, जुलैत ३१, ऑगस्टमध्ये ३१, झाल्या ८८. उरल्या दोन. म्हणजे शेवटची गोळी २ सप्टेंबरच्या रात्री, आणि तुम्ही ५ सप्टेंबरला जाणार म्हटल्यावर ३ आणि ४ तारीख कोरडी. दर तीन महिन्यांनी असंच करत राहिलात तर वर्षात कितीदा खाडा पडेल बघा, आणि तुम्हाला वाटतंय मी तर एकही तारीख चुकवत नाही.

म्हणून महिने मोजायचे नाहीत, गोळ्या मोजायच्या. सेंटरवाले हिरव्या पुस्तकात, म्हणजे आपल्या उपचारांच्या नोंदवहीत, तारीख लिहून देतात ती गोळ्या संपायच्या आधीचीच असते, ती पाळा. आणि शेवटच्या बाटलीत हात घातला की मोबाइलला रिमाइंडर लावा. घरी भिंतीवर कॅलेंडर असेल तर त्यावर गॅस सिलिंडरची तारीख लिहितो तसा एक टिंब द्यायचा, कुणाला कळत नाही कशाचा ते.

तीन महिने जायचंच नाही म्हणजे टेस्टला पण सुट्टी?

गोळ्यांसाठीच्या फेऱ्या कमी झाल्यात. टेस्टला सुट्टी नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलंय. पूर्वी दर महिन्याला जायचो तेव्हा कुणीतरी आपसूक म्हणायचं, अहो तुमचं रक्त द्यायचं राहिलंय, वजन करा, खोकताय का. आता वर्षात चारच फेऱ्या. त्यातल्या एका फेरीला रक्त घेणारे नव्हते, दुसऱ्या फेरीला तुम्ही घाईत होता, गाडी सुटेल म्हणून गोळ्या घेऊन पळालात, की वर्ष गेलं. व्हायरल लोड गोळ्या सुरू केल्यावर सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात, आणि नंतर दर वर्षी एकदा असा असतो. सगळं नीट असलं तरी. कारण जास्त दिवसांच्या गोळ्या देण्याचा भरवसा त्या एका रिपोर्टवरच उभा आहे.

सीडीफोरचं वेगळं आहे. तो सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा ३५० च्या वर आला आणि व्हायरल लोड दबलेला असला की मग सारखा काढत नाहीत. "माझा सीडीफोर बंद केला, दुर्लक्ष करतात" ही तक्रार मी खूप ऐकतो, तर तसं नाही, चांगलं चाललंय म्हणूनच बंद केलाय.

आणि रिपोर्ट मागून घ्या. रक्त दिलं म्हणजे काम झालं असं नसतं, सॅम्पल लॅबला जातं, रिपोर्ट यायला दिवस लागतात, आणि तुम्ही पुढच्या फेरीला गेल्यावर कुणी सांगितला तर सांगितला. आकडा किती आला तो विचारा आणि हिरव्या पुस्तकात लिहून घ्या.

व्हायरल लोड टार्गेट नॉट डिटेक्टेड, म्हणजे व्हायरस सापडलाच नाही असा, आला. आता बंद केल्या तरी चालतील?

नाही. गोळ्या चालू आहेत म्हणून तसा आलाय. बंद केल्या की काही आठवड्यांत व्हायरस परत वर येतो. आणि ज्यांना बरोबर हिपॅटायटिस बी आहे त्यांना तर अजून धोका, कारण टेनोफोविर आणि लॅमिवुडिन तोही दाबून धरतात, अचानक सोडल्यावर लिव्हर भडकू शकतं.

चांगली बातमी ती वेगळीच आहे. व्हायरल लोड अनडिटेक्टेबल राहिला, गोळ्या चालू राहिल्या, तर शरीरसंबंधातनं जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय, शून्य धोका. हे मी नवीन जोडप्यांना सांगतो तेव्हा नवरा आधी बायकोकडं बघतो आणि मग परत मला विचारतो, खरं काय? खरं आहे. बाकीचे गुप्तरोग आणि नको असलेलं गरोदरपण यासाठी निरोध लागतोच, ते वेगळं.

एवढ्या बाटल्या ठेवायच्या कुठं? फ्रिजमध्ये ठेवल्या तर जास्त टिकतील ना?

फ्रिज नको. ओल लागते. कोरडी, सावलीची जागा, साधारण ३० डिग्रीच्या आत. पत्र्याच्या घरात वरच्या फळीवर एप्रिल-मेमध्ये भट्टी होते, तिथं नको, त्यापेक्षा खाली कपाटात कपड्यांच्या मागं. चुलीजवळ नको, मोरीजवळ नको. आणि पोरांच्या हाताला लागेल असं नको, तीन बाटल्या घरात असल्या की ही भीती तिप्पट.

बाटलीत एक छोटी पुडी असते, आत खडे असल्यासारखी, ती फेकू नका, ती ओल शोषून घेते. आणि तिन्ही बाटल्यांची सीलं एकदम फोडू नका. एक संपली की दुसरी. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत पापड मऊ पडतो तिथं उघडी बाटली कशी राहील. घेताना तिथंच खिडकीवर एक्स्पायरी बघा, तिन्ही बाटल्यांवरची, कारण एकाची वेगळी असू शकते. जवळची एक्स्पायरी असेल ती आधी संपवा.

बॅगेत तीन बाटल्या खुळखुळ वाजतात, एसटीत लाज वाटते. घरी सासूला माहीत नाही.

हे सगळ्यांचंच दुखणं. बायका काय काय करतात बघा, बाटलीत वर कापूस दाबतात म्हणजे गोळ्या हलत नाहीत, लेबल घासून काढतात, बाटली शेवेच्या पिशवीत घालून आणतात, एक मावशी तर तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. कापूस ठीक आहे. लेबल काढणार असाल तर निदान एक्स्पायरी आणि औषधाचं नाव दुसरीकडं लिहून ठेवा, फोटो काढून ठेवा, नाहीतर अचानक दवाखान्यात ॲडमिट व्हायची वेळ आली तर डॉक्टरला काय सांगणार. सगळ्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून महिनोन्‌महिने ठेवायच्या हे मात्र करू नका, खराब होतात. आठवड्याच्या गोळ्यांचा डबा मिळतो, तेवढ्याच काढायच्या, बाकी मूळ बाटलीत.

जास्त दिवसांच्या गोळ्यांचा एक फायदा इथं आहे की दर महिन्याला "कुठं चाललीस" ला उत्तर शोधायला लागत नाही. तोटा पण इथंच आहे, की लपवायच्या बाटल्या जास्त. तुमच्या घरात तीन लपवणं शक्य नसेल तर तसं सांगा, एक-दोन महिन्यांच्याच घ्या. यात कमीपणा काही नाही.

तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय बाहेर सांगता येत नाही, त्यासाठी २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासनं लागू. दवाखान्याला, मालकाला, सगळ्यांना लागू. मी एका खासगी दवाखान्यात गेलो होतो, नाव कशाला, तिथं काउंटरवरच्या माणसानं फाइल उघडून मोठ्यानं वाचलं, मागं दहा माणसं. तेव्हा हा कायदा मला माहीत नव्हता. तुम्हाला आता माहीत आहे.

पावसाळ्यात काय करायचं? पंचगंगेला पाणी आलं की आम्ही गावातच अडकतो.

शिरोळ, करवीर, हातकणंगले साइडच्या लोकांनी हे मनावर घ्या. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा काय झालं ते सांगायला नको, शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली, माणसं नेसत्या कपड्यानिशी बोटीतनं बाहेर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, हे आपल्याकडं पोराला पण पाठ आहे, पण पाणी ३९ ला पोचल्यावर गोळ्या आणायला निघणं म्हणजे उशीर झाला.

जूनच्या आत सेंटरवर सांगा, आमचं गाव पुरात अडकतं, मला ऑगस्टपर्यंतच्या गोळ्या द्या. कारण खरं आहे, स्टेबल असाल तर बहुतेक ऐकतात. घरात एक बाटली, हिरव्या पुस्तकाची झेरॉक्स आणि आधार एका घट्ट झाकणाच्या डब्यात, वेगळं, हाताशी ठेवा. घर सोडायची वेळ आली की तो डबा पहिला उचलायचा. हिरव्या पुस्तकाचा फोटो मोबाइलमध्ये पण ठेवा. आणि पुरात बाटली भिजली तर गोळ्या उन्हात वाळवून घेऊ नका, लोक घेतात, नवीन मागा. निवारा केंद्रात असाल तर जवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्राच्या, काउन्सेलरला गाठा, ते सेंटरशी बोलून सोय करतात.

आम्ही बीडचे, ऊसतोडीला आलोय. कारखाना बंद होईपर्यंत गावी जाणं नाही. इथं गोळ्या मिळतील?

मिळतील. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो तो मार्चपर्यंत चालतो, तेवढे महिने कुठल्याच सेंटरवरनं एकदम मिळत नाहीत, त्यामुळं निघायच्या आधी तुमच्या सेंटरवरनं मिळतील तेवढ्या जास्तीत जास्त घ्या आणि हिरवं पुस्तक बरोबर आणा. गोळ्या संपत आल्या की सीपीआरच्या, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्याच्या, एआरटी सेंटरवर पुस्तक दाखवायचं, प्रवासातला रुग्ण म्हणून थोड्या दिवसांच्या देतात. आता सगळी नोंद नॅकोच्या सोच नावाच्या सिस्टिममध्ये असते, त्यामुळं तुमची माहिती इथून बघता येते. वर्षातले सहा महिने इकडंच असाल तर तात्पुरती ट्रान्सफर करून घ्यायची का तेही विचारा. मुकादमाला आजार सांगायची काही गरज नाही, "दवाखान्यात जायचंय" एवढं बास.

हेच इचलकरंजीच्या लूमवर आलेल्यांना आणि मुंबई-पुण्याला गेलेल्या आपल्या पोरांना पण लागू. पुस्तक जवळ असलं पाहिजे, बाकी वाट निघते.

दरवेळी कोल्हापूरलाच यायला लागतं का?

नाही. तालुक्याच्या ठिकाणी काही सरकारी दवाखान्यांत लिंक एआरटी सेंटर असतं, तिथं तुम्हाला "लिंक आउट" करता येतं, म्हणजे गोळ्या तिकडनं घ्यायच्या आणि ठरलेल्या वेळी किंवा त्रास झाला तर मोठ्या सेंटरला यायचं. तुमच्या तालुक्यात कुठं आहे ते काउन्सेलरना विचारा. पण एक सांगतो, बरेच लोक मुद्दाम लिंक आउट होत नाहीत, कारण तालुक्याच्या दवाखान्यात शिपायापासनं सगळे ओळखीचे. शहरात कोण कुणाला विचारतंय. अशांना तीन महिन्यांच्या गोळ्या हाच चांगला पर्याय, लांब यायचं पण कमी वेळा.

मी आजारी आहे, मुलाला किंवा मैत्रिणीला पाठवलं तर देतील का?

आधी फोन करून किंवा मागच्या फेरीला सांगून ठेवलं असेल, बरोबर हिरवं पुस्तक असेल, तर साधारण देतात. पण लागोपाठ दोन-तीनदा दुसराच माणूस आला तर तुम्हाला बोलवणारच, आणि बोलवायलाच पाहिजे. ज्याला पाठवताय त्याला सगळं माहीत हवं. "व्हिटॅमिनच्या गोळ्या आण" म्हणून पोराला एआरटी सेंटरला पाठवणं हे दोघांनाही वाईट, पोराला बोर्ड वाचता येतो.

गोळी घ्यायची विसरलो तर?

आठवेल तेव्हा लगेच घ्या, पुढची नेहमीच्या वेळी. पुढच्या गोळीची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर राहू दे, पुढची एकच घ्या. दोन एकदम नाही. जेवणाआधी-नंतर कधीही चालते.

ॲसिडिटीचं औषध, कॅल्शियम, शुगरच्या गोळ्या बरोबर चालतात का?

हे नीट वाचा, कारण तीन महिने कुणी विचारायला नसतं आणि माणूस मधेच मेडिकलमधनं काहीतरी घेऊन येतो. डोल्युटेग्राविरला मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमवालं ॲसिडिटीचं पातळ औषध आडवं येतं, ते घ्यायचंच असेल तर एचआयव्हीची गोळी त्याच्या दोन तास आधी नाहीतर सहा तास नंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तसंच, फक्त जेवणाबरोबर घेतल्या तर दोन्ही एकत्र चालतात. तांबडा रस्सा ओरपून रात्री ॲसिडिटीचं पातळ औषध आणि त्यावर लगेच टीएलडी, हा प्रकार आपल्याकडं फार आहे.

शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरला सांगाच, डोल्युटेग्राविरबरोबर ती दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा जाऊ देत नाहीत. फिट्सच्या काही गोळ्या आणि टीबीची रिफॅम्पिसिन यांनी डोल्युटेग्राविर कमी पडतं, मग बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची अजून एक गोळी देतात. ती कधी सुरू करायची, कधी बंद, हे डॉक्टरच ठरवणार. काढे, जडीबुटी, "मुळासकट बरा करतो" वाले, त्यांच्यावर मी वेळ घालवत नाही.

पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे आणि खोकला लागलाय. तारखेपर्यंत थांबू?

थांबू नका. खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम, या चार गोष्टी सेंटरवर दरवेळी विचारतात त्या टीबीसाठी. यातली एक जरी आली तरी तारीख बघायची नाही, सरळ जायचं, गोळ्या शिल्लक असल्या तरी. पाळी चुकली आणि दिवस गेल्याचं कळलं तरी लगेच कळवायचं. गोळी चालूच ठेवायची, पण गरोदरपणात तपासण्या लवकर लवकर असतात, आणि ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान व्हायरल लोड बघतात, बाळाला कुठलं औषध किती दिवस द्यायचं ते त्यावर ठरतं. लघवी कमी होणं, पायावर सूज, डोळे पिवळे, सतत उलट्या, याला पण तारीख नसते.

मला दर महिन्यालाच यायचंय. जबरदस्ती आहे का तीन महिन्यांची?

नाही, आणि नसावी असं माझं ठाम मत आहे. शाहूवाडीकडच्या एक काकू आहेत, नवरा गेला, सुनेला माहीत नाही, त्यांच्यासाठी काउन्सेलर मॅडमबरोबरची दहा मिनिटं ही महिन्यातली एकमेव जागा जिथं त्या मोकळं बोलतात. त्यांना तीन बाटल्या देऊन घरी पाठवलं तर कागदावर सोय झाली, पण काकूंचं काय? दारूचा त्रास असणारे, एकटे राहणारे, नुकतंच घरात कुणी गेलेले, यांनी स्वतःच सांगावं की मला लवकर बोलवा.

सहा महिन्यांच्या का देत नाहीत मग? बाहेरच्या देशांत देतात म्हणे.

बरोबर ऐकलंय. जागतिक आरोग्य संघटना तर सांगते की स्टेबल माणसाला तीन ते सहा महिन्यांच्या द्या, शक्यतो सहाच. आपल्याकडं साधारण तीनपर्यंत. सहा महिन्यांच्या द्यायच्या तर सगळ्या राज्यांत तेवढा साठा आधीच तयार पाहिजे, नाहीतर एकाला सहा बाटल्या आणि मागच्याला हात हलवत परत. २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा झाला तेव्हा रुग्णांनी दिल्लीत नॅकोच्या ऑफिसमध्ये कितीतरी दिवस ठिय्या दिला होता, ते अजून विसरलेलो नाही. ऊसतोडवाल्यांसाठी तरी सहा महिन्यांची सोय व्हावी असं मला मनापासनं वाटतं. बाकीच्यांना तीन पुरतात.

गेलो आणि म्हणाले स्टॉक कमी आहे, पंधरा दिवसांच्याच घ्या.

घ्या. भांडून रिकाम्या हातानं परत येऊ नका. परत कधी यायचं ती तारीख लिहून घ्या. म्हणूनच म्हणतो, शेवटची गोळी संपायच्या दिवशी जायचंच नाही, हाताशी आठ-दहा दिवसांच्या असतानाच जायचं. आणि दुसऱ्याकडनं उसन्या घेऊ नका, त्याची गोळी वेगळी असू शकते. सारखंच असं होत असेल तर १०९७ या टोल फ्री हेल्पलाइनला सांगा.

येण्याजाण्याच्या खर्चाला काही मिळतं का?

एसटीत एचआयव्ही असलेल्यांना प्रवास सवलत आहे, त्याला कुठला कागद लागतो ते सेंटरवर विचारा. बायकांना तर मार्च २०२३ पासनं सरसकट अर्धं तिकीट आहेच, तिथं काही सांगायलाही लागत नाही. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीचे रुग्ण बसतात, तहसीलमध्ये अर्ज. आई-बाप गेलेल्या किंवा आजारी असलेल्यांच्या पोरांसाठी बालसंगोपन योजना आहे. कागदपत्रांना वेळ लागतो, हेलपाटे पण होतात, पण सोडू नका.

तारीख चुकली, आता लाज वाटते जायला. मॅडम ओरडतील.

ओरडतील कदाचित. दोन मिनिटं. मग पेन काढतील आणि विचारतील किती दिवस गोळी नव्हती, त्याचं खरं उत्तर द्या, आकडा कमी करून सांगू नका, कारण त्यावरनं पुढची टेस्ट ठरते. सेंटरचा किंवा विहान प्रोजेक्टच्या, म्हणजे रुग्णांना आधार देणाऱ्या प्रकल्पाच्या, ताईंचा फोन आला असेल तर उचला, ती माणसं बोलवायलाच फोन करतात. नंबर बदललाय का? तर तो पण सांगा, अर्ध्या लोकांचे जुनेच नंबर लिहिलेले असतात. सकाळी लवकर जा, येताना शिल्लक असतील नसतील त्या सगळ्या बाटल्या घेऊन या, आणि नाश्ता करून या.